कोपराकडे बघणाऱ्या बाई

बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पहिल्यांदा कधी पाहिलं ते मला सांगता येणार नाही. कोपराकडे मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत गाड्यांच्या जोडांत बसणारे, धक्के शोषणारे रबरी बुश बनवणारी आमची कंपनी. मी तिथं डिझाइन विभागात होतो. दिवसभर संगणकासमोर बसून ड्रॉइंग करायची आणि एखादं चुकलं की संगणक जुना झालाय म्हणून कुरकुर करायची, असं माझं काम. एका सकाळी पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई आमच्या खोलीत शिरल्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट आणि गळ्यात शिंप्याची टेप. मला वाटलं, नव्या युनिफॉर्मची मापं घ्यायला कुणीतरी आलंय. मी उठून उभा राहिलो, दोन्ही हात पसरले आणि छातीही जरा फुगवली.

"हात खाली घ्या," बाई म्हणाल्या. "बसा. रोज बसता तसंच बसा. मी आले म्हणून सुधरू नका."

मी बसलो. बाईंनी माझ्याभोवती एक फेरी मारली. कोपर पाहिलं, मान पाहिली, वाकून टेबलाखालचे पाय पाहिले. बाजारात म्हैस घेताना माणसं बघतात तसं चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, "उजवा खांदा कधीपासून दुखतो?"

"नाही दुखत."

"मंग आत्ता डोकं खाजवायला डावा हात काहून वर गेला?"

माझा डावा हात खरंच डोक्यात होता. तो मी खाली घेतला. उजवा वर नेऊन दाखवावा असं मनात आलं, पण तो कानाच्या वर जात नाही हे मला बऱ्याच दिवसांपासून ठाऊक होतं. सकाळी शर्ट घालताना बायको बाही धरायची आणि मी तिला सांगायचो की हल्लीचे शर्टच घट्ट शिवतात.

अब्रू वाचवण्यासाठी मी बाईंना आमच्या घराण्याचा इतिहास सांगितला. पणजोबा पंचांग सांगायचे, आजोबा निजामाच्या काळात कचेरीत कारकून, वडील सरकारी कार्यालयात. सगळे वाकून लिहीत आले. आमच्यात पोक येणं हे हुशारीचं लक्षण. एखादा मुलगा ताठ बसलेला दिसला की काका काळजीनं म्हणायचे, "याचं अभ्यासात लक्ष नाही वाटतं." बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, टेप काढून माझ्या टेबलाची उंची मोजली आणि म्हणाल्या, "पणजोबांना जाऊ द्या, ते गेले. तुमचं टेबल उंच हाय आन खुर्ची बसकी हाय."

बाई मूळच्या पिशोरच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. इंजिनिअरिंगची पदविका घेऊन त्यांनी निरनिराळ्या कारखान्यांत काम केलं होतं. मग कामाच्या जागी माणसाचं बसणं-उठणं, उचलणं-ठेवणं कसं असावं, म्हणजे अंगाला इजा होणार नाही, याचं वेगळं शिक्षण घेतलं. आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला असं पद कंपनीत हवं होतं, म्हणून त्यांची कंत्राटावर नेमणूक झाली. ते पद कागदावर दिसलं की पुरे, असं आमच्या वरिष्ठांचं मत होतं. बाईंना ते पक्कं माहीत होतं. "मला शोभेची कुंडी म्हणून आणलंय," त्या म्हणायच्या. "पण ही कुंडी फिरती हाय."

आणि त्या फिरत. कुणाच्याही खुर्चीत जाऊन बसत, त्याच्या नजरेनं त्याचं टेबल बघत. कँटीनमधलं चहाचं पिंप त्यांनी उंचावर ठेवायला लावलं. माझा संगणक डोळ्यांच्या पातळीवर यावा म्हणून त्याखाली कंपनीचे जुने जाडजूड कॅटलॉग रचले. ते कॅटलॉग मीच तयार केले होते आणि त्यांचा कुणालातरी उपयोग झाल्याची ती पहिलीच वेळ होती. कुणी म्हणालं, "मॅडम, मला काही त्रास नाही," की बाईंचं ठरलेलं उत्तर यायचं: "अंग लई समजूतदार असतं. ते भांडत नाय, तडजोड करतं. म्हणून तर फसायला होतं."

सुट्टीच्या दिवशीसुद्धा हे थांबत नसे. एकदा मी आणि बायको गुलमंडीच्या बाजारात कपड्याच्या दुकानात गेलो, तर आत बाई गादीवर बसलेल्या. समोर साड्यांचा डोंगर. त्यांच्या भाचीचं लग्न होतं. पण साड्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. साड्या उलगडून दाखवणारा पोक्त सेल्समन गुडघ्यांवर बसून मागच्या फडताळातून गठ्ठे ओढत होता, आणि बाई त्याला कमरेला पीळ न देता आधी पाय कसे वळवायचे ते दाखवत होत्या.

"मॅडम, आप साडी देखो ना," तो काकुळतीनं म्हणाला.

"साडी कुठं पळून जाती? आधी कंबर बगा. उठताना हात टेकता का नाय?"

"टेकना पडता, मॅडम."

"व्हय ना? मंग?"

मालक गल्ल्यावरून मान वाकडी करून हे पाहत होता. बाईंनी जाता जाता त्यालाही फोन खांद्यात आणि कानात दाबून बोलू नका म्हणून सुनावलं. साडी न घेताच त्या बाहेर पडल्या. माझी बायको तिथंच त्यांची भक्त झाली. घरी आल्यावर तिनं मला पहिल्यांदा विचारलं, "शर्ट खरंच घट्ट शिवतात का हो?"

कंपनीत माझी प्रसिद्धी वाढवली ती बाईंनीच. 'असे बसू नये' या मथळ्याखाली त्यांनी कँटीनमध्ये एक मोठा फोटो लावला. तो माझा होता, बाजूनं काढलेला. ओळख पटू नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी होती. पण पट्टी डोळ्यांवर असून भागत नाही, पोट मोकळं होतं. जेवायला बसलेला प्रत्येक कामगार आधी भिंतीकडे आणि मग माझ्याकडे पाहायचा. मी तक्रार केली तर बाई म्हणाल्या, "नमुना चांगला मिळाला की मला राहवत नाय. सगळ्या चुका एकाच माणसात कुठं भेटतात?" का कोण जाणे, मला थोडा अभिमानही वाटला.

पण बाईंचं खरं लक्ष होतं ठेकेदारामार्फत कामावर येणाऱ्या पॅकिंगच्या बायांवर. तयार बुशांनी भरलेले क्रेट जमिनीवर ठेवलेले असत. बायांनी वाकून बुश उचलायचे, वळून बाजूच्या खोक्यात लावायचे, पुन्हा वाकायचं. पाळीभर हेच. बाईंना ते क्रेट स्टँडवर हवे होते. त्यांनी कारखान्याच्या प्रमुखांना, म्हणजे आमच्या साहेबांना, सांगून पाहिलं. साहेब माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "मॅडम, आजवर एकीचीही तक्रार नाही. तक्रार नसताना मी वर काय सांगू?"

हे खरं होतं. बाईंनी एकेकीला विचारलं तर प्रत्येकीनं मान हलवली. "नाय ताई, काय नाय दुखत." मुकुंदवाडीहून येणारी शोभा त्यांच्यातली सगळ्यात चपळ. तिनं तर हसून उडवून लावलं. एका संध्याकाळी बाईंनी मला फाटकापाशी उभं केलं आणि कंपनीच्या बसकडे बोट केलं. "बगा, बाया कशा चढतात."

मी पाहिलं. मला बाया बसमध्ये चढताना दिसल्या. दुसरं काही दिसलं नाही आणि मी तसं सांगितलं.

"दोन्ही हातांनी दांडा धरतात. एक पाय ठेवतात, थांबतात, मंग दुसरा. शोभा पस्तिशीची पण नाय. ती म्हातारीवानी चढती."

"मग सांगत का नाहीत?"

"मागं एकीनं सांगितलं होतं. ठेकेदारानं तिला म्हटलं, कंबर बरी झाली की ये. ती बसलीय घरी, अजून बोलावणं नाय. आता कोण सांगंल?"

तेवढ्यात सुरक्षा सप्ताह आला. एरवी त्या आठवड्यात शपथ घ्यायची, घोषवाक्यं लिहायची आणि समोसे खायचे, असा कार्यक्रम असे. बाईंनी साहेबांना नवीन कल्पना सांगितली: ऑफिसवाल्यांची आणि पॅकिंगच्या बायांची पॅकिंगची स्पर्धा ठेवू. गंमत होईल, फोटोही चांगले येतील. फोटो म्हटल्यावर साहेब लगेच तयार झाले.

ऑफिसच्या संघाचा कप्तान म्हणून मी स्वतःहून पुढं झालो. कॉलेजात मी कबड्डीच्या संघात होतो. राखीव खेळाडू होतो आणि मैदानात कधी उतरलो नाही, हा तपशील मी कंपनीत कुणाला सांगितला नव्हता. बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "खांद्याचं काय? तुम्ही नका उतरू." मी म्हणालो, "मॅडम, खांदा वेगळा, कंबर वेगळी. माझी कंबर एकदम मजबूत आहे." त्या बाजूला झाल्या; माणूस ऐकायच्या पलीकडे गेलाय हे त्यांना कळत असे.

माझ्या समोर शोभा होती. शिट्टी वाजली. सुरुवातीला मी तिच्या पुढं होतो हे मी अजूनही सगळ्यांना सांगतो. मी तिला चिडवलंही, "काय शोभाताई, दमलात का?"

"नाय साहेब, चालू द्या तुमचं," ती म्हणाली आणि एकदाही वर न बघता बुश लावत राहिली.

मग मला घाम फुटला, मग श्वास लागला. मग एका क्रेटच्या तळाशी उरलेले बुश घ्यायला मी पार खाली वाकलो, तसाच उजवीकडे वळलो, आणि कमरेत काहीतरी कट्‌ करून वाजलं. पेन्सिलीचं टोक मोडावं तेवढाच आवाज. पण त्यानंतर मला वर येता येईना, खालीही जाता येईना. मी क्रेटला नमस्कार करत असल्यासारखा जागच्या जागी राहिलो.

"काय शोधताय?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही सर," मी क्रेटला उद्देशून म्हणालो.

फोटोग्राफरला तो माझा जोश वाटला. त्यानं त्या अवस्थेतले माझे भरपूर फोटो काढले. लोक टाळ्या वाजवत होते. मग हळूहळू टाळ्या थांबल्या, कारण मी हलतच नव्हतो.

बाई आल्या. माझा चेहरा जमिनीकडे होता, म्हणून त्या खाली फरशीवर बसल्या आणि खालून माझ्याकडे पाहिलं.

"दुखतंय?"

"नाही," मी म्हणालो. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी मी नाही म्हणालो. घराण्याचं वळण.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे बगा, आज तरी खोटं बोलू नका. तुम्ही ऑफिसातले, तुम्हाला कुणी घरी बसवणार नाय. ह्या बाया दुखतंय म्हणल्या तर त्यांची नोकरी जाती. तुम्ही म्हणलात तर नुसता मजाक व्हईल. एवढा मजाक सहन करा आन जोरात सांगा."

मला त्या वेळी बायांची किती पर्वा होती ते आता नक्की सांगता येत नाही. मला बोंबलायला परवानगी हवी होती, ती मिळाली. मी पूर्ण ताकदीनं ओरडलो, "दुखतंय! लई दुखतंय! कमरेत दुखतंय!"

हसायला कुणीतरी सुरुवात केली होती, ते थांबलं. आणि मग माझ्या समोरून, मला फक्त तिच्या चपला दिसत होत्या, शोभा म्हणाली, "माझंबी दुखतं."

ठेकेदार तिथंच उभा होता. त्याचे काळे बूट मला ओळखू येत होते. ते शोभाच्या दिशेनं वळले.

"माझं बी," मंदा म्हणाली. मंदा म्हणजे लाइनीतली सगळ्यात उंच बाई. "रोज रातच्याला शेकावं लागतं."

मग मागून आणखी एक आवाज आला, मग आणखी. एकदा सुरुवात झाल्यावर बाया थांबेनात. कुणाची कंबर, कुणाची मान, कुणाचं मनगट. फरशीवर बसलेल्या बाई हात टेकून उठल्या. साहेबांना म्हणाल्या, "सर, तुम्ही तक्रार मागत होता. आली. आता ह्यातली एक जरी उद्या घरी बसली, तर मी पण येणार नाय."

साहेबांचे बूट ठेकेदाराकडे वळले. "एकीलाही काढायचं नाही," ते म्हणाले. मग त्यांना माझी आठवण झाली. "यांचं काय करायचं?"

माझं काय करायचं ते फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या सलीमभाईंनी ठरवलं. स्ट्रेचर दाराशी अडकत होतं, म्हणून त्यांनी माल वाहायची हातगाडी आणली, तिच्यावर दोन रिकामी खोकी ठेवली आणि मला त्या आकारातच तिच्यावर आडवं घातलं. "साब, अब आप माल हो. हिलना नक्को," असं बजावून ते मला पूर्ण कारखान्यातून दवाखान्याच्या खोलीत घेऊन गेले. वाटेत रवानगी विभागातल्या माणसानं सवयीनं विचारलं, "कुठं चाललं हे?"

कंपनीच्या भल्यासाठी मी केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे ते ओरडणं. त्यानंतर जे केलं ते ड्रॉइंग, आणि ते चुकलं.

साहेबांनी स्टँड मंजूर केले. मी घरी पलंगावर पडून होतो, तिथूनच मोठ्या उत्साहानं स्टँडचं ड्रॉइंग केलं. पुस्तकातून भारतीय स्त्रियांची सरासरी उंची काढली, त्यावरून कोपराची सरासरी उंची, त्यावरून स्टँडची. हिशोबात कुठंही चूक नव्हती. स्टँड बनले, हिरव्या रंगानं रंगले. मी पट्टा बांधून कामावर आलो त्या दिवशी उद्घाटन ठेवलं. साहेब नारळ हातात घेऊन उभे राहिले, आणि बाई म्हणाल्या, "थांबा."

त्यांनी शोभाला एका स्टँडपुढं उभं केलं. शोभा बुटकी. बुश उचलताना तिचे खांदे कानाला लागले. मग मंदाला उभं केलं. मंदा पूर्वी वाकत होती, ती अजूनही वाकतच होती. फक्त आता हिरव्या स्टँडवर वाकत होती.

"ही उंची कुणाची?" बाईंनी मला विचारलं.

"सरासरी बाईची," मी म्हणालो.

"बरं. ती कोणत्या पाळीला येती? मला तिला भेटायचंय."

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. साहेबही हसले. मी पुस्तकाचा हवाला देऊ लागलो, तर बाईंनी टेप गळ्यातून काढून माझ्या हातात दिली. "पुस्तक राहू द्या. ह्यांना मोजा."

साहेबांनी नारळ तसाच परत नेला. मी एकेकीला भिंतीशी उभं करून मापं घेतली. तोपर्यंत रोज त्यांच्या शेजारून जात होतो, पण कुणाची उंची किती, कोण डावखुरी, कुणाच्या गुडघ्याला पट्टा आहे, यातलं मला काही माहीत नव्हतं. नव्या स्टँडना वर-खाली करायची सोय ठेवली. बाईंनी ते पास केले आणि शोभाच्या हस्ते नारळ फोडला. तिनं तो एका फटक्यात फोडला. मी स्पर्धेत तिच्या पुढं होतो यावर नंतर कुणीच विश्वास ठेवला नाही.

पुढं वर्ष संपलं आणि बाईंचं कंत्राट वाढवलं नाही. मोठं गिऱ्हाईक पाहणी करून समाधानानं निघून गेलं होतं. साहेबांना वाईट वाटलं, पण निर्णय वरून आला होता. बायांनी रडून गोंधळ घातला. बाई मात्र हसत होत्या. "कंपनीचं काम झालं, माझं नाय झालं. पण स्टँड तर कुणी उचलून नेत नाय ना?" मला त्यांनी शेवटची सूचना केली ती पोट कमी करण्याची. ती मी अजून विचाराधीन ठेवली आहे.

या हिवाळ्यात एका लग्नासाठी कन्नडला गेलो होतो. तिथून वाट वाकडी करून पिशोरला त्यांच्या घरी गेलो. बाई आता गावीच राहतात. अंगणात अद्रकीचा ढीग पडला होता आणि बाया उंच फळीपुढं उभ्या राहून अद्रक निवडत होत्या. प्रत्येकीच्या पायाखाली वेगळ्या उंचीची वीट. बाईंचं राज्य इथंही सुरू झालेलं होतं.

मी बाजेवर बसलो. तेवढ्यात घरातून एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन आली. कमरेत पार काटकोनात वाकलेली. चालताना तिला पुढची जमीनच तेवढी दिसत असणार. तांब्या घ्यायला मी लगबगीनं उठलो, तर बाईंनी खुणेनं मला बसवलं. तिलाच आणू द्या, असं त्या खुणेत होतं.

"ही माझी थोरली बहीण," बाई म्हणाल्या. "मी शाळेत जायचे तवा माझ्या वाटची खुरपणी हिनं केली. माझ्या वाटचं पाणीबी हिनंच भरलं. मी सगळं शिकून आले तवर हिची पाठ गेलेली होती. हिच्यासाठी लई उशीर झाला मला."

मान खाली घालून मी तांब्याकडे पाहत राहिलो. म्हातारीनं मान तिरकी करून मला खालून वर निरखलं.

"ह्ये असे वाकून काहून बसलेत गं?" तिनं बहिणीला विचारलं. "घरी काय वाईट झालं का त्यांच्या?"

मी ताठ बसलो. बाई मोठ्यांदा हसल्या आणि चहा ठेवायला आत वळल्या. दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. तिथला ओटा माझ्या गुडघ्याच्या थोडा वर येईल एवढाच होता. नव्या, गुळगुळीत फरशीचा, मुद्दाम तसा बांधलेला. बाई त्याच्यापुढं गेल्या आणि भांडं ठेवायला त्यांना कमरेतून पार वाकावं लागलं. म्हातारी तुरुतुरु आत गेली, त्या ओट्याशी बरोबर मापात उभी राहिली आणि तिनं बाईंना कोपरानं बाजूला सारलं.

"सरक तिकडं," ती म्हणाली. "तुज्या मापाचा नाय तो."